तबकड्यांमधली फट

वसई तालुक्याच्या पूर्वेचा, तुंगारेश्वराच्या डोंगररांगेपासून मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे उतरत आलेला पट्टा काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेल्या लाव्ह्यापासून बनलेला दख्खनचा बेसाल्ट होय. पोर्तुगीज अमदानीत वसईचा हा दगड समुद्रमार्गे गोव्यापर्यंत गेला आणि १५९४ ते १६०५ या काळात उभ्या राहिलेल्या बॉम जेझू बासिलिकेच्या जांभ्या दगडातल्या दर्शनी भिंतीवर कोरीव कामासाठी वापरला गेला. आज तो अशा दिमाखाने कोठे जात नाही. खाणीतून निघालेले डबर क्रशरमध्ये पडते आणि खडी, कच व कृत्रिम वाळू होऊन महानगराच्या काँक्रीटमध्ये गडप होते. याच तालुक्यात, महामार्ग आणि रेल्वेमार्ग यांच्या मधल्या वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील औद्योगिक गाळ्यांमध्ये, औषधे, रसायने, खनिजे अशा नाना पदार्थांची पूड करणारी यंत्रे घडवणारे कारखानेही आहेत. दगड आणि दळणयंत्र असे दोन्ही एकाच तालुक्यात असूनही, दोन तबकड्यांमध्ये माल दळणारे यंत्र खडीच्या क्रशरच्या साखळीत बसवले जात नाही, आणि ते का बसवले जात नाही हे समजून घेणे म्हणजेच त्या यंत्राची रचना समजून घेणे होय.

कारखान्यांत ज्याला डिस्क मिल किंवा प्लेट मिल म्हटले जाते त्या यंत्राची मूळ मांडणी साधी आहे. समोरासमोर ठेवलेल्या दोन खाचदार तबकड्यांपैकी एक स्थिर असते आणि दुसरी दंडावर फिरते. भरड माल स्थिर तबकडीच्या मधल्या भोकातून आत शिरतो, दोहोंच्या मधून दळला जात बाहेरच्या दिशेने सरकतो आणि परिघाच्या फटीतून पूड होऊन पडतो. काही यंत्रांत दोन्ही तबकड्या परस्परविरुद्ध दिशांना फिरतात, काहींत दंड आडवा असतो व काहींत उभा, परंतु मालाची वाट मात्र सर्वत्र एकच, केंद्राकडून परिघाकडे. हे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे जाते उभे राहिले तर ते रास्तच आहे, कारण जाते हे या यंत्राचे निव्वळ पूर्वज नसून तांत्रिक अर्थाने पूर्ण वाढ झालेले तबकडी-दळणयंत्रच आहे, आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी म्हणजे मोटर लावलेले जाते.

भारतात फिरते जाते केव्हा आले हा पुरातत्त्वाचा जुना प्रश्न आहे. त्याआधीची दळणाची साधने पुढे-मागे ओढायची होती, म्हणजे आजच्या पाटा-वरवंट्याच्या जातीची. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी १९५९ मध्ये भारतातील फिरत्या जात्यांवर स्वतंत्र निबंध लिहून दख्खनमधील सातवाहनकालीन जात्यांचा संबंध रोमन जगाशी असलेल्या संपर्काशी जोडला होता. पुढे-मागे जाणाऱ्या वरवंट्याला प्रत्येक खेपेला थांबावे आणि उलटे फिरावे लागते, त्यात हाताची शक्ती वाया जाते. जात्याच्या फिरत्या तळीला, म्हणजे दगडी तबकडीला, थांबण्याचे कारणच नसते, शिवाय माल आपोआप एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, त्यामुळे दळण अखंड चालते. ‘अखंड’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण त्यानंतर मनुष्यबळाच्या जागी बैल, पाणी, वाफ आणि वीज यांपैकी काहीही जोडता येऊ लागले.

जात्याच्या रचनेतील प्रत्येक गोष्टीला आधुनिक यंत्रात प्रतिरूप सापडते. वरच्या तळीच्या तोंडात आडवी बसवलेली माकडी मधल्या खिळीवर टेकते आणि वरच्या तळीला केंद्रात राखते. आधुनिक यंत्रात हेच काम बेअरिंग करतात. तोंडात मुठीमुठीने घातली जाणारी वैरण म्हणजे आजच्या हॉपरमधून, म्हणजे नरसाळ्यासारख्या पेटीतून, नियंत्रित वेगाने सोडला जाणारा माल. डाळ भरडायची असेल तर खिळीवर चिंधी किंवा चकती बसवून वरची तळी किंचित उचलली जाई, म्हणजेच फट वाढवली जाई. कारखान्यात त्यासाठी आटे असलेला स्क्रू आणि हातचाक असते. आणि तळ्या गुळगुळीत झाल्या की ‘टाकी लावा’ अशी हाळी देत येणारे कारागीर छिन्नी-हातोड्याने त्यांवर पुन्हा खाचा पाडून देत, तर यंत्राच्या तबकड्या झिजल्या की त्या बदलल्या जातात. वसईच्या किल्ल्याचे चिरे ज्या टाकीने घडले तीच टाकी घरोघरच्या जात्यांवर चालत असे, हा योगायोग म्हणावा की काळ्या दगडाच्या मुलखातील अर्थव्यवस्था म्हणावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

टाकी लावण्यामागचे शास्त्र हे तबकडी-दळणाचे निम्मे शास्त्र आहे. दगड दाबला असता फार मोठा भार सोसतो. ताज्या, घट्ट बेसाल्टचा ठोकळा चिरडायला दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन हजार किलो किंवा त्याहूनही अधिक दाब लागू शकतो, पण तोच दगड ताणाला साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यानेच टिकतो आणि कर्तनालाही, म्हणजे एकमेकांवरून घसरत कापणाऱ्या बलालाही, दाबाच्या मानाने लवकर बळी पडतो. दोन सपाट, गुळगुळीत तबकड्या मालाला फक्त दाबतात व घासतात. खाचांच्या कडा एकमेकींवरून कात्रीच्या पात्यांसारख्या सरकू लागल्या की मात्र दाबाबरोबर कर्तनही घडते आणि कण कमी शक्तीत फुटतो. म्हणून दोन्ही तबकड्यांवरील खाचा सरळ त्रिज्येच्या दिशेने न पाडता थोड्या तिरप्या पाडतात, जेणेकरून समोरासमोर आल्यावर त्या एकमेकींना कोन करून छेदतील आणि छेदबिंदू फिरण्याबरोबर बाहेरच्या दिशेने सरकत जाईल. खाचेचा तिरपेपणा वाढवला तर माल लवकर बाहेर फेकला जातो आणि भरड निघतो, कमी केला तर तो आत रेंगाळतो, बारीक होतो आणि तापतो.

दगडच दगडाला दळत असेल तर आणखी एक गुण कामाला येतो. जर्मनीतील मायेन येथील सच्छिद्र बेसाल्टची जाती हजारो वर्षे दूरदूरच्या प्रदेशांत जात होती, त्याचे कारण त्या दगडातील बुडबुड्यांच्या पोकळ्या: पृष्ठभाग झिजला की आतली नवी पोकळी उघडी पडते आणि तिची कड नव्या धारेचे काम करते. आजच्या गिरणीतले एमरीचे दगड, म्हणजे कुरुंदाच्या जातीतील अतिकठीण कण एका सिमेंटसारख्या बंधकात बसवून ओतलेले दगड, हेच तत्त्व उलट्या बाजूने वापरतात. बंधक आधी झिजते, बोथट झालेला कण सुटून पडतो आणि खालचा तीक्ष्ण कण वर येतो. पोलादी तबकडीला हा गुण नाही. ती झिजते ती नुसतीच झिजते.

माल केंद्राकडून परिघाकडे का जातो, याचे उत्तर ‘केंद्रोत्सारी बलामुळे’ असे सरधोपट दिले जाते, पण ते जात्याला लागू पडत नाही. पाऊण हात व्यासाचे, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटरांचे, जाते मिनिटाला ४० फेरे घेते असे धरले तर त्याच्या परिघावरील केंद्रोत्सारी बल गुरुत्वाकर्षणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच भरते आणि केंद्राजवळ तर ते नगण्यच असते. दाणे मुख्यतः मागून येणाऱ्या वैरणीच्या रेट्याने आणि खाचांच्या तिरपेपणाने बाहेर सरकतात. प्रयोगशाळेतील २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी मिनिटाला सुमारे ४४० फेरे घेते तेव्हा मात्र परिघावर हे बल गुरुत्वाकर्षणाच्या वीसपटींपलीकडे जाते आणि कण रेट्याची वाट पाहत नाही. वेग आणखी वाढवला की उत्पादन वाढते, पण कणाला खाचांच्या कडांमध्ये सापडण्यापुरताही वेळ मिळेनासा होतो, तो न दळताच निसटतो आणि घर्षणाची उष्णता मात्र वाढते. म्हणून जड, कठीण खनिजांसाठीच्या तबकड्या पिठाच्या गिरणीपेक्षा सावकाश फिरतात. वरच्या उदाहरणातील तबकडीच्या कडेचा वेग सेकंदाला साडेचार मीटरांच्या आसपास येतो, तर ४० सेंटिमीटर व्यासाचा गिरणीचा दगड मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग साडेबारा मीटरांवर जातो.

तबकड्यांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते, हे यंत्र उघडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. केंद्राजवळ दोन्ही तबकड्या एकमेकींपासून फाकलेल्या असतात आणि तेथे मोठे, खोल दात असतात. परिघाकडे त्या जवळ येत जातात, दात उथळ व दाट होतात, आणि शेवटच्या पट्ट्यात जवळजवळ समांतर होतात. या मांडणीमागे साधी भूमिती आहे. केंद्रापासून २ सेंटिमीटर अंतरावरच्या वर्तुळापेक्षा १० सेंटिमीटर अंतरावरच्या वर्तुळाचा परीघ पाचपट असतो, त्यामुळे फट एक पंचमांश केली तरी मालाला बाहेर पडण्यासाठी तेवढीच जागा उरते. म्हणजे तबकडीचा आकारच असा आहे की दळण बारीक करत जाण्याची मुभा तो स्वतःहून देतो. जबड्याच्या क्रशरला ही सवलत नाही. त्यात माल खाली जातो तशी जागा आवळत जाते, आणि बारीक माल काढण्याचा हट्ट धरला तर तो खाली तुंबतो.

आतल्या फाकलेल्या भागाचा कोन मात्र मन मानेल तसा ठेवता येत नाही. दोन पृष्ठभागांच्या चिमटीत सापडलेला खडा एक तर आत ओढला जातो किंवा ओल्या साबणाच्या वडीसारखा निसटून मागे येतो, आणि यांपैकी काय होईल हे दगड व पोलाद यांच्यातील घर्षणावर ठरते. घर्षणांक ०.३ धरला तर दोन पृष्ठभागांमधील कोन ३३ अंशांच्या आत असावा लागतो, आणि ओला, चिकणमाती लागलेला किंवा शंखजिऱ्यासारखा गुळगुळीत माल येणार असेल तर तो याहूनही बराच कमी ठेवणे शहाणपणाचे असते. या ‘पकडीच्या कोना’मुळेच डिस्क मिलमध्ये घालायच्या खड्यांच्या आकाराला मर्यादा पडते, प्रयोगशाळेच्या यंत्रात ती साधारण २० मिलिमीटर असते, आणि त्याहून मोठा दगड आधी दुसऱ्या यंत्रात फोडून घ्यावा लागतो.

आता खुद्द फटीविषयी, कारण यंत्र घडवणाऱ्याचे कसब तेथेच पणाला लागते. १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची पूड हवी असेल तर परिघाजवळची फटही त्याच मापाची ठेवावी लागते, आणि माणसाच्या केसाची जाडी याहून फार कमी नसते. २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी दंडावर बसवताना तिच्या कडेला केसाच्या निम्म्या जाडीइतकी जरी लचक राहिली, तर प्रत्येक फेऱ्यात एका बाजूची फट आवळते व दुसऱ्या बाजूची उघडते. उघड्या बाजूने भरड कण निसटतात आणि आवळलेल्या बाजूला तबकड्या एकमेकींना खातात. म्हणून तबकडीचे तोंड दंडावर चढवल्यानंतर, त्याच बैठकीत, लेथवर किंवा ग्राइंडिंगवर सपाट केले जाते आणि घड्याळी मापकाने, म्हणजे डायलने, सर्व बाजूंनी तपासले जाते.

एवढे करूनही उष्णतेचा हिशेब राहतोच. तीस सेंटिमीटर लांबीचा पोलादी दंड चाळीस अंशांनी तापला तर त्याची लांबी सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढते, म्हणजे थंड यंत्रावर ठेवलेली दशांश मिलिमीटरची फट तासाभराच्या दळणानंतर अस्तित्वातच राहणार नाही. यावरचा उपाय एखाद्या जाणत्या सुताराने दाराची चौकट बसवताना करावा तसा आहे: दंड एका टोकाला पक्का धरायचा आणि दुसऱ्या टोकाला सरकायला मोकळीक ठेवायची. तबकडीला लागून असलेले बेअरिंग अक्षाच्या दिशेने घट्ट बसवतात, कारण दळताना तबकड्यांना एकमेकींपासून दूर लोटणारा रेटाही त्यालाच पेलायचा असतो, आणि पुलीकडच्या बाजूचे बेअरिंग त्याच्या घरात सरकू देतात, म्हणजे दंड वाढला तरी तबकडीपासून उलट दिशेने वाढतो. नकाशावर ही गोष्ट एका लहानशा अंतराने दाखवलेली असते आणि अनेकदा तीच चुकते. घाईने बनवलेल्या यंत्रात दोन्ही बेअरिंग घट्ट बसवलेली आढळतात; असे यंत्र सकाळी चांगले चालते आणि दुपारी कुरकुरू लागते.

फट धरून ठेवणे जितके आवश्यक तितकेच प्रसंगी ती सोडून देणेही आवश्यक असते. मालाबरोबर एखादा खिळा, बोल्ट किंवा खाणीतल्या छिन्नीचा तुकडा आत आला तर तो दळला जाणार नाही, दात मोडेल किंवा दंड वाकवेल. जात्यात हा धोका नव्हता, कारण वरची तळी केवळ स्वतःच्या वजनाने बसलेली असते आणि न फुटणारी वस्तू आली की ती हलकेच उचलली जाते. पोलादी यंत्रात तबकडी स्क्रूने जखडल्यामुळे ही उदारता गेली आणि ती स्प्रिंग बसवून परत आणावी लागली. स्थिर तबकडीच्या मागे दमदार स्प्रिंग ठेवल्या म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडचा रेटा आल्यावर ती मागे सरते आणि तुकडा निघून गेल्यावर जागेवर येते. हॉपरच्या तोंडाशी लोहचुंबक लावणे हा दुसरा उपाय, जो स्वस्त असल्यामुळे आधी सुचायला हवा, पण बहुतेक ठिकाणी एखादी तबकडी फुटल्यानंतर सुचतो.

येथवर सांगितलेले सर्व जमले तरी वसईचा बेसाल्ट या यंत्रात मोठ्या प्रमाणावर का दळला जात नाही, याचे उत्तर विजेच्या बिलात आणि तबकडीच्या झिजेत आहे. दगड फोडायला किती ऊर्जा लागते याचे नियम शोधण्याचे प्रयत्न १८६७ मध्ये ऑस्ट्रियाच्या रिटिंगर यांनी सुरू केले. ऊर्जा नव्याने उघड्या पडणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रमाणात लागते, असे त्यांचे म्हणणे होते. आज व्यवहारात सर्वाधिक वापरला जाणारा नियम मात्र अमेरिकेतील फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये मांडलेला आहे. त्यात प्रत्येक खनिजाला ‘कार्यांक’ नावाचा एक आकडा दिलेला असतो. चुनखडीचा कार्यांक साधारण १२ तर बेसाल्टचा २० च्या आसपास भरतो, आणि ऊर्जा कणांच्या आकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात बदलते. त्या सूत्राने हिशेब केला तर एक मीटर आकाराचे बेसाल्टचे डबर एक सेंटिमीटरच्या खडीवर आणायला टनामागे दोनपेक्षा कमी युनिट वीज पुरते, पण तीच एक सेंटिमीटरची खडी दशांश मिलिमीटरच्या पुडीवर आणायला अठरा युनिट लागतात. दोन्ही वेळा आकार शंभरपटच घटला आहे, तरी खर्च दहापट झाला. हे आकडे पाण्यात दळण्याच्या प्रमाणित चाचणीवर आधारलेले आहेत. कोरड्या दळणात ते साधारण तिसऱ्या हिश्श्याने आणखी वाढतात, आणि यंत्राच्या स्वतःच्या घर्षणात जाणारी वीज त्याहून वेगळी.

विजेचा खर्च एखादे वेळी परवडेल, पण झिजेचा परवडत नाही. कठीणपणाच्या मोह्स मापावर शंखजिरे १ वर, जिप्सम २ वर, कॅल्साइट ३ वर, तर गारगोटी ७ वर आहे. बेसाल्टमधील फेल्डस्पार व ऑजाइट ही खनिजे ६ च्या आसपास येतात, म्हणजे चांगल्या पोलादाच्या जवळपास. जबड्याच्या क्रशरमध्ये दगड मुख्यतः दाबाने फुटतो, पोलादावरून फारसा घासत जात नाही; डिस्क मिलमध्ये कर्तनासाठी घासणे हेच साधन असते, म्हणून जो गुण तिला बारीक दळायला मदत करतो तोच तिच्या तबकड्या खातो. इंग्लंडच्या शेफील्डमध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले मँगनीज पोलाद क्रशरच्या जबड्यांना वरदान ठरले, कारण सुमारे १२-१३ टक्के मँगनीज असलेले हे पोलाद घाव बसत जातील तसे वरून कठीण होत जाते. पण डिस्क मिलमध्ये घाव थोडे आणि घासणे फार, त्यामुळे त्याचा हा गुण पुरता जागा होत नाही आणि तेथे क्रोमियमचे प्रमाण जास्त असलेले पांढरे बीड अधिक टिकते. ते कठीण असते पण ठिसूळही असते. टंगस्टन कार्बाइड त्याहून सरस, परंतु त्याची किंमत पाहता ते लहान तबकड्यांपुरतेच राहते. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यातील मँगनीज खनिज, सिंधुदुर्गातील कणकवली परिसरातील सिलिका वाळूचा दगड किंवा वसईचा बेसाल्ट यांचे नमुने किलो-दोन किलोंच्या मापाने दळायला डिस्क मिल उत्तम. ट्रकच्या मापाने दळायला नव्हे. शंखजिरे, जिप्सम, चुनखडी, कोळसा यांच्यासाठी मात्र ती मोठ्या प्रमाणावरही शोभते.

तबकड्यांनी मोठा दगड फोडण्याचा एक धाडसी प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत झाला होता. सायमन्स यांच्या डिस्क क्रशरमध्ये बशीसारख्या दोन खोलगट तबकड्या तोंडाला तोंड लावून एकाच दिशेने फिरत, पण त्यांपैकी एकीचा अक्ष किंचित कललेला असे, त्यामुळे दोघींमधील फट एका बाजूला आवळत आणि दुसऱ्या बाजूला उघडत राही. उघडल्यावर दगड केंद्रोत्सारी बलाने पुढे सरके आणि आवळल्यावर चिरडला जाई. घासणे टाळून दाबाने फोडण्याची ही युक्ती हुशारीची होती, परंतु १९२० च्या दशकात त्याच नावाचा कोन क्रशर, म्हणजे शंकूचा क्रशर, आला आणि डिस्क क्रशर मागे पडला. खडीच्या साखळीत आज जबड्यानंतर कोन आणि कोननंतर उभ्या दंडावर फिरणारा वेगवान रोटर येतो, जो दगड फेकून दगडावरच आपटवतो. वैतरणा खाडीच्या रेतीची जागा घेणारी कृत्रिम वाळू साधारणपणे त्याच जातीच्या यंत्रातून निघते. हा रोटरही एक प्रकारची तबकडीच, फक्त तिला जोडीदार नाही आणि म्हणून फटही नाही. वाळूला तिची गरजही नसते, कारण भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कृत्रिम वाळूत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण १५ टक्क्यांपर्यंतच चालतात आणि डिस्क मिल तर नेमकी तीच बारीक पूड करायला बसलेली असते.

बारीक पूड म्हणजे धूळ, आणि कर्तन करणाऱ्या यंत्राची धूळ अधिक घातक असते, कारण तिच्यातील चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकात न अडकता फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. बेसाल्टमध्ये मोकळी गारगोटी थोडी असते, पण सिलिका वाळूचा दगड दळणाऱ्या कामगाराला सिलिकोसिस होऊ शकतो, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा रोग सूचना देणे बंधनकारक असलेल्या रोगांत होता. दगड क्रशरसाठी पर्यावरण संरक्षण नियमांनी यंत्रापासून तीन ते दहा मीटरांवर हवेतील तरंगत्या कणांची मर्यादा घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. म्हणून डिस्क मिलचे घर पूर्ण बंद ठेवून त्यातील हवा पंख्याने सतत ओढून घेतात, जेणेकरून फटीतून हवा आत जाईल, धूळ बाहेर येणार नाही. ओढलेली हवा आधी भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या सायक्लोनमधून आणि मग कापडी पिशव्यांमधून गाळली जाते. पाणी मारून धूळ बसवण्याचा क्रशरवरचा सोपा मार्ग येथे चालत नाही, कारण ओला माल खाचांत चिकटून बसतो आणि तबकड्या काही मिनिटांत गुळगुळीत होतात. वसईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला माल तर आधी भट्टीत वाळवूनच घ्यावा लागतो.

झिजलेल्या तबकडीचे पोलाद कोठे जाते, हा प्रश्न शेवटी प्रयोगशाळेत येऊन थांबतो, कारण ते दुसरीकडे कोठेही जात नाही, दळलेल्या पुडीतच जाते. खनिजातील लोहाचे प्रमाण मोजायचे असेल आणि तबकडी पोलादी असेल तर मोजलेल्या लोहात थोडे तबकडीचेही असते. टंगस्टन कार्बाइड वापरले तर टंगस्टन आणि त्याला धरून ठेवणारे कोबाल्ट शिरते. म्हणून लोहाचा लवलेशही चालत नसेल तेथे झिर्कोनियाच्या, म्हणजे एका अतिकठीण पांढऱ्या चिनी मातीसारख्या पदार्थाच्या, तबकड्या बसवतात, आणि मग झिर्कोनियमच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. आधीच्या नमुन्याचे खाचांत अडकलेले कण हा वेगळाच त्रास. तो टाळण्यासाठी दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ गारगोटीचे थोडे खडे दळून ती पूड फेकून देण्याची रीत आहे, आणि खरा नमुना घालण्यापूर्वी त्याचीही एक मूठ दळून टाकून देतात. जात्याला टाकी लावून झाल्यावर पहिली वैरण कोंड्याची किंवा हलक्या धान्याची घालून ते पीठ गुरांपुढे टाकले जाई, कारण त्यात दगडाची कचकच असे.